आईची पित्ताची पिशवी

विद्यानगर, हुबळी
१२ जून २०२४

श्रीनिधी,

तू फोनवर म्हणालास, यातलं काही लेखी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. म्हणून कागदावर लिहून मस्कतला कुरिअरने पाठवते आहे. वर नेहमीसारखं 'अण्णा' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

फोनवर तू मला क्रमाने बोलू दिलं नाहीस. इथे क्रमाने सांगते.

आईचे डोळे पिवळे आहेत. अंगाला इतकी खाज सुटते की ती फणी घेऊन पाठ ओरबाडते. बेंबीपाशी, जिथून तू दुर्बीण घातली होतीस तिथे, सुपारीएवढी गाठ आली आहे. ती तिने बरेच दिवस साडीच्या निऱ्यांखाली लपवली होती. पोटविकारतज्ज्ञ डॉ. संजीव यांनी घरी येऊन त्या गाठीचा तुकडा काढून आमच्या लॅबला पाठवला. माझ्या कामाला तू 'मेण कापणं' म्हणतोस. तर तो तुकडा मी मेणात बसवला, मीच कापला, मीच रंगवला. आमच्या मॅडम डॉ. मेधांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मला बसायला सांगितलं. मी उभी राहिले. पित्ताशयाचा कर्करोग. यकृतातून पित्तनलिका बाहेर पडते तिथेच ती दाबली गेली आहे, हे स्कॅनमध्ये दिसतं.

आता मागचं. गेल्या दसऱ्याच्या आधी तू तिचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन केलंस. आईचं मुलाने करू नये असं तुझ्या भूलतज्ज्ञाने सांगितलं होतं, पण आईलाच हौस होती. तू थिएटरमधून बाहेर आलास, हातात स्टीलचा ट्रे, त्यात धुतलेले खडे. खडे बघितल्याशिवाय आपल्याकडे ऑपरेशन झालं असं कुणी मानत नाही. भागीरथी मावशी म्हणाली, "अगोबाई, हे तर हरभऱ्याएवढे! हेमाक्का इतकी वर्षं पोटात उसळ भिजत घालून बसली होती की काय!" सगळे हसले. मी विचारलं, "पिशवी?"

"गेली."

"कुठे गेली?"

"पिवळ्या बॅगेत, कचऱ्यात. का? आईचंही बिल फाडायचंय तुझ्या मॅडमना?"

पुन्हा हसले. मी विचारलं, भिंत कशी होती. तू म्हणालास, "जरा जाड होती. सूज असते गं." आणि मावशीकडे वळून म्हणालास, "घरात एक डॉक्टर पुरे, नाही का मावशी?"

खडे तू बाटलीत घालून आईला दिलेस. पित्ताशय मला दिलं नाहीस. खड्यांना कर्करोग होत नाही, भिंतीला होतो. हे तुला शिकवायची वेळ माझ्यावर यावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

'वाचली असती' असं मी लिहीत नाही. रोग तेव्हा भिंतीत किती खोल गेला होता ते आता कुणालाच कळणार नाही, कारण भिंतच नाही. वरवर असता, तर यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसीकाग्रंथी काढायचं दुसरं ऑपरेशन करता आलं असतं. ती संधी होती. ती तू कचऱ्यात टाकलीस आणि जानेवारीत केशवापूरच्या नर्सिंग होमला कुलूप लावून निघून गेलास.

आता तुझ्याकडून काय हवं आहे ते. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत एक नळी बसवली तर पित्त वाहील, कावीळ उतरेल, खाज थांबेल. रोग जाणार नाही. पण उरलेले दिवस ती माणसासारखी झोपेल. संजीव तयार आहेत. आई सही करत नाही.

"संजीवकडे गेले तर केशवापूर काय म्हणेल? मुलानं बिघडवलं, आता परका निस्तरतोय. त्याला परत येऊन दवाखाना उघडायचाय की नाही? अण्णा येऊ दे. तो बघेल."

मी म्हटलं, अण्णा हे करत नाही, त्याला ही विद्या येत नाही.

"तुला मेलीला त्याचं काही चांगलं बघवतच नाही."

तर तिला फोन कर. काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग आणि संजीवकडे जा म्हणून सांग. एवढंच.

उत्तरा


विद्यानगर
२० जून २०२४

श्रीनिधी,

तू फोन केलास. तिने तो स्पीकरवर ठेवला होता हे तुला माहीत नसावं. समोर भागीरथी मावशी बसली होती. मी दारात होते.

तू म्हणालास, "आई, मी पिशवी तपासायला पाठवली होती. उत्तराच्याच लॅबला. रिपोर्ट नॉर्मल आला. मी काय करणार?"

मी इतक्या वर्षांत पुष्कळ नमुने हाताळले. खोटा नमुना पहिल्यांदाच आला.

फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. मावशीने तोंडावर पदर धरला. "शिव शिव! पोटच्या पोरीनं गं! आईचं म्हणून तरी दोनदा बघायचं होतंस की."

मी सांगितलं की पिशवी आलीच नव्हती. शांतपणे सांगितलं, हीच माझी चूक झाली असावी. मावशी म्हणाली, "बघ, डोळ्यांत टिपूस आहे का? चोर असता तर असाच उभा राहिला असता." आईने मी आणलेलं ताट हाताने सरकवलं. वरण सतरंजीवर सांडलं. ते मी पुसलं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मठात पोचली होती. मावशी तिथे वाती वळायला जाते.

मी विचार करत होते की हे तुला इतक्या पटकन कसं सुचलं. मग मला अळणावरकडचा तो माणूस आठवला. तू बारावीत होतास, मी सातवीत. आपल्या अप्पांनी त्याचं पित्ताशय काढलं. तेव्हाचं ते काढणं, बरगडीखाली वीतभर चीर, कुशीतून लोंबणारी रबरी नळी, खाटेवर दोन आठवडे. अप्पांकडून त्याची मुख्य पित्तनलिका कापली गेली. दुसऱ्या दिवशी ते कॉरिडॉरमध्ये गेले आणि नातेवाइकांना कन्नडमध्ये म्हणाले, चूक माझी आहे, मी बेळगावला स्वतः घेऊन जातो, पुढचं तिथे करतील. त्याच्या भावाने अप्पांची कॉलर धरली. थुंकला. अप्पांनी चष्मा पुसून परत घातला. माणूस जगला. त्या वर्षी मात्र केशवापुरात आपल्याकडे पेशंट निम्मे झाले, आणि तू जिन्यात उभा राहून ती थुंकी अप्पांच्या शर्टावरून ओघळताना बघितली होतीस. त्या दिवशी अप्पा एक शिकवत होते. तू दुसरं शिकलास.

अप्पांना मी देव करत नाही. तुझ्या बोटांवर ते चिमट्याने मारायचे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला 'व्हिडिओ गेम' म्हणायचे, आणि त्या हट्टापायी कितीतरी बायकांना विनाकारण वीतभर व्रण मिळाले. चार भोकांचं ऑपरेशन चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी माणूस घरी जातो. तुझे हात त्यात अप्पांपेक्षा चांगले होते, हे मी लिहून देते. पण अप्पा काढलेलं पित्ताशय ट्रेमध्ये उभं चिरायचे आणि आतून बोट फिरवायचे. जाड लागलं की बरणीत घालून बेळगावच्या बसने तपासायला पाठवायचे. ते गेल्यावर तू नवं यंत्र आणलंस आणि जुन्यातलं तेवढंच फेकलंस.

आई अजून सही करत नाही. आता म्हणते, "अण्णानं सगळं नीट केलं होतं. मग मी दुसऱ्याकडे कशाला जाऊ?" तुझ्या खोट्याने तेही साधलं नाही. तिचं बिलिरुबिन वाढत आहे. त्यात ताप आला तर नळी बसवायलाही उशीर झालेला असेल. पुन्हा फोन कर. खरं सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण 'संजीवकडे जा' एवढं म्हण.

उत्तरा


विद्यानगर
२७ जून २०२४

श्रीनिधी,

तू फोन उचलला नाहीस. म्हणून मी माझ्या पद्धतीने केलं.

काल संजीव घरी आले होते. आई पलंगावर, मावशी खुर्चीत, वादिराज काका दाराशी. आईने पुन्हा तेच सुरू केलं. "डॉक्टर, तुम्ही फार चांगले हो, पण लोक म्हणतील, मुलावर विश्वास नाही." आणि माझ्या लक्षात आलं की तिला आजाराची भीती नाही. संजीवांच्या दारात पाय ठेवला की तुझी चूक गावात जाहीर होते, याची आहे. डॉक्टरच्या घरातली बाई दुसऱ्या डॉक्टरकडे का गेली, हे विचारल्याशिवाय आपल्या गावाला राहवत नाही. त्या प्रश्नाला एक उत्तर हवं होतं, ज्यात तू नसशील.

मी म्हटलं, "अण्णाचं बरोबर आहे. पिशवी आली होती. तपासताना माझ्याकडून चुकलं."

मावशी म्हणाली, "आता कशी आली वाटेवर!"

काका म्हणाले, "इतकी शिकलेली पोरगी, अन् एवढं कळू नये?"

संजीवांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आमच्या लॅबची पद्धत माहीत आहे. मी मान हलवली, बोलू नका म्हणून. त्यांनी बॅगेतून संमतीचा कागद काढला.

आई उशीला टेकून उठून बसली. मग म्हणाली, "सगळ्यांसमोर म्हण परत."

मी परत म्हटलं.

"बघा डॉक्टर, मुलाचं काही नाही हो यात. पोरीनं घात केला. द्या तो कागद." तिने सही केली. लफ्फेदार, शाळेत हेडबाई असताना दाखल्यांवर करायची तशी.

आज सकाळी नळी बसली. पित्त वाहू लागलं, काळपट हिरवं, दाट. आत्ता ती झोपली आहे आणि फणी उशाशी तशीच पडून आहे.

तुला आभार मानायची गरज नाही. तुझ्यासाठी केलं नाही.

उत्तरा


विद्यानगर
३० जुलै २०२४

श्रीनिधी,

तू आठवडाभर येऊन गेलास. तू घरात असताना मी बोलले नाही. आता लिहिते.

तू खजूर आणलेस, अत्तर आणलंस. आईच्या पलंगाशी बसून तिची नाडी बघितलीस. ती तुझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "कामं टाकून आलाय हो." मी ते पूर्वीसारखं ऐकत होते.

रविवारी सगळे जमले होते. मी आत कॉफी गाळत होते. वादिराज काका म्हणाले, "काय रे श्रीनिधी, बहिणीनंच मान कापली म्हणायची."

आणि तू म्हणालास, "जाऊ द्या काका. चूक कुणाकडून होत नाही? उत्तराला कुणी काही बोलू नका. तिला आधीच फार लागलंय."

मावशी म्हणाली, "होगली बिडू, सोडून दे म्हणतोय बघा. किती मोठं मन!"

तू मला माफ केलंस. माझ्याच घरात, माझी कॉफी पिऊन, लोकांसमोर. हे तुला ठरवून करायचं होतं असं मला वाटत नाही. तुला ते खरं वाटू लागलं आहे. तेच जास्त वाईट आहे. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं ठाऊक असतं.

तू निघताना रिक्षापाशी मी एकच विचारलं, "बरणी घेऊन लॅबला कोण आलं होतं?"

तू फोनकडे बघत म्हणालास, "आता हे उकरू नकोस गं. आईला शांत जाऊ दे."

दुसरी गोष्ट. लोक आता लॅबमध्ये येऊन विचारतात, "तीच ना ती? आईचाच रिपोर्ट चुकवला ती?" एका बाईने आपल्या गाठीची बरणी काउंटरवरून परत उचलली. डॉ. मेधांनी मला आत बोलावलं.

"उत्तरा, तुझ्या आईचं पित्ताशय इथे आलेलंच नाही. मग तू चूक कशात केलीस?"

त्यांनी दार लावून घेतलं.

"मी लोकांना खरं सांगू का?"

मी म्हटलं, "नळी काही महिन्यांनी बदलावी लागते मॅडम. खरं बाहेर आलं तर आई दुसऱ्यांदा जाणार नाही."

"आणि माझ्या लॅबचं काय? इथे दहा माणसं पोट भरतात."

त्यांचं बरोबर होतं. मी राजीनामा दिला. त्यांनी तो घेतला आणि बाहेर सांगितलं की दोषी कर्मचारी काढून टाकली. ते मीच सुचवलं होतं. यामुळे लॅब सुटली, तू सुटलास, आईच्या पुढच्या नळीचा प्रश्न सुटला. जिच्यावर सगळं टाकता येईल असं माणूस घरात असलं की किती सोय होते, हे तुला पूर्वीपासून ठाऊक असावं. मला आत्ता कळलं.

उत्तरा


विद्यानगर
१७ ऑक्टोबर २०२४

श्रीनिधी,

तू आईला अग्नी देऊन, दिवस करून गेलास. वादिराज काकांकडून तुझा निरोप मिळाला. मस्कतचा करार मोडून तू परत येतो आहेस, अप्पांचं नर्सिंग होम पुन्हा उघडतो आहेस, आणि मला तिथे लॅबमध्ये घ्यायला तयार आहेस. काका म्हणाले, "बाहेर तुला आता कोण घेणार? शेवटी रक्ताचं नातं ते." उत्तर खाली देते. त्याआधी तुला माहीत नसलेली एक गोष्ट.

सप्टेंबरमध्ये नळी बदलून आल्यानंतर आईला जरा बरं वाटत होतं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. घरात आम्ही दोघीच. ती म्हणाली, "तो रिपोर्ट आलाच नव्हता ना गं?"

"कुठला?"

"सुम्निरु, गप बस. माझ्यासमोर नाटक करू नकोस, तुला येत नाही. दूध उतू गेलं तर किती वाजता गेलं तेही सांगणारी तू. माझा रिपोर्ट आला असता आणि तू घरी आणून वाचून दाखवला नसतास? चूक केली असतीस तर ती कुठल्या ओळीत केलीस तेही सांगितलं असतंस."

मी चमचा वाटीत ठेवला. "कधी कळलं?"

"त्यानं फोन ठेवला तेव्हाच."

"मग ताट का लोटलंस?"

"मावशी बसली होती की समोर."

"आणि सगळ्यांसमोर परत म्हणायला का लावलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात अगदी सोपं गणित न आलेल्या मुलीकडे बघायची. "एकदा म्हटलेलं लोक विसरतात. अगं, तो नाही सोसायचा. लहानपणापासून तसाच. तू सोसशील. तू कठीण आहेस." मग तोंड उघडलं, एक चमचा घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी मीठ घातलं.

हे तुला यासाठी लिहिते आहे की तिच्या नजरेत तू निर्दोष राहिलास, असं समजून तू जगू नयेस. तिने तुझं खोटं ओळखलं होतं आणि तरी तुला निवडलं होतं. पलंगाशी बसून तू नाडी बघत होतास तेव्हाही तिला माहीत होतं. तुझ्याकडे ती ज्या कौतुकाने बघत होती, त्याला कौतुक म्हणायचं की आणखी काही, ते तू ठरव. मला ते ठरवता आलेलं नाही.

मी हे कुणाला सांगणार नाही. आता खरं सांगायचं तर आईचंही सांगावं लागेल. तेवढी सोय तिने तुझ्यासाठी करून ठेवली आहे.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. मी येते.

उपकार म्हणून येत नाही, तेव्हा अटी वाच. तू काढलेलं प्रत्येक पित्ताशय, जाड असो की कागदासारखं पातळ, तू थिएटरबाहेर पडण्याआधी माझ्या टेबलावर येईल. मी ते उभं चिरेन, आतून बोट फिरवेन, मेणात बसवेन, कापेन. एकही सुटणार नाही. सुटलं तर त्याच दिवशी मी कॉरिडॉरमध्ये जाऊन त्या माणसांना तुझ्या देखत सांगेन. गावात माझं नाव आधीच गेलेलं आहे, त्यामुळे मला भीती घालायला तुझ्याकडे काही उरलेलं नाही. तू निवृत्त होईपर्यंत मी तिथे असेन. मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे आणि माझी तब्येत उत्तम आहे.

नातेवाईक बाहेर उभे असतील. त्यांना खडे तू दाखव, ते तुला छान जमतं. पण 'सगळं ठीक आहे' असं तू म्हणायचं नाहीस. माझी स्लाइड होईपर्यंत ते तुला माहीत नसेल. रोज ते माझ्या दारात येऊन विचारायचं, आणि मी सांगेपर्यंत उभं राहायचं.

उत्तरा